कॅनभर पाणी

“यंत्र खोटं बोलत नाही,” हे वाक्य डॉ. वृषाली मल्लाव हिनं आजवर इतक्या सभांमधून ऐकवलं होतं, की तिच्या नदी-संशोधन केंद्रातले शिपाईसुद्धा तिची नक्कल करताना तेवढंच म्हणत. आणि तीच वृषाली आता भर दुपारी कांडवी नदीच्या काठावर, पाण्यानं भरलेला निळा कॅन कमरेवर टेकवून, कुणी बघत तर नाही ना म्हणून मागंपुढं पाहत उभी होती. काठावर कुणी नव्हतं. पलीकडे बाभळीखाली एक म्हैस बसली होती, आणि ती कुणाला काही सांगण्याची शक्यता कमी होती.

तिनं झाकण काढलं. ओतताना आवाज होऊ नये म्हणून कॅनचं तोंड प्रवाहात बुडवलं आणि पाणी हळूहळू जाऊ दिलं. थोडं खाली, देवाच्या डोहाच्या तोंडाशी तिचं यंत्र उभं होतं. कॅन रिकामा झाल्यावर तिनं तो जीपमध्ये सीटखाली सरकवला आणि रुमालानं हात खसाखसा पुसले. हातांना काही लागलेलं नव्हतं, तरी पुसले.

हे काय चाललं होतं ते कळायला आधी यंत्राची ओळख करून घ्यावी लागेल.

पाण्यात राहणारा प्रत्येक जीव पाण्यात आपली खूण सोडत असतो. माशाचे खवले झडतात, अंगावरचा बुळबुळीत थर सुटतो, विष्ठा मिसळते. या सगळ्यात त्याच्या पेशी असतात आणि पेशीपेशीत डीएनएचा धागा. मासा डोळ्यांना दिसो न दिसो, तांब्याभर पाणी गाळून त्यातले धागे वाचले की तिथं कोण कोण राहतं ते सांगता येतं. पूर्वी हे काम प्रयोगशाळेत चालायचं आणि त्याला कितीतरी दिवस लागायचे. वृषालीच्या केंद्रानं ते पिंपाएवढ्या एका पेटीत बसवलं. पेटी नदीकाठी उभी करायची. ती रोज पहाटे आपणच पाणी ओढून घेते, गाळते, वाचते आणि निकाल पाठवून देते. नदीचे मूळचे मासे सापडले तर तिच्या माथ्यावर हिरवा दिवा, नाही सापडले तर तांबडा. तिचं सरकारी नाव लांबलचक होतं, लोक तिला नुसतं ‘वाचक’ म्हणत.

निकाल जायचा तो थेट धरणाच्या संगणकाकडे. जिवंत नदी कायदा झाल्यापासून नियम असा होता, की धरणाखालच्या ज्या पट्ट्यात नदीचे मूळचे मासे जिवंत आहेत, त्या पट्ट्याला रोज पाणी सोडलंच पाहिजे. महिनाभर खूण सापडली नाही, तर पट्टा मृत ठरणार आणि त्याच्या वाटचं पाणी कालव्याला जाणार. मध्ये माणसाचा हात नको, म्हणजे पुढाऱ्यांचा फोन नको आणि कंपनीचं पाकीट नको, म्हणून सगळं यंत्रावर सोपवलेलं होतं. कायदा करणाऱ्यांनी सगळ्यांचा विचार केला होता. कॅन घेऊन येणाऱ्या शास्त्रज्ञ बाईचा तेवढा राहून गेला होता.

कांडवीच्या डाव्या तीरावर कालव्याच्या पाण्यावर चालणारी एका कंपनीची हरितगृहं होती. नजर पोचेल तिथवर पांढरं प्लास्टिक, आत रंगीत ढोबळी मिरची आणि स्ट्रॉबेरी, आणि सगळा माल विमानानं परदेशी जाणारा. उजव्या तीरावर भोईवाडा होता, मासेमारीवर जगणारा. वृषाली याच भोईवाड्यातली. आईबाप लहानपणीच गेले, तेव्हा चुलतीनं, हौसाकाकूनं, तिला आपल्या अंकुशच्या जोडीनं वाढवलं. शाळेतून आल्यावर होडीत बसून अभ्यास करायची आणि जाळं ओढायच्या वेळी पुस्तक मांडीखाली दाबून हात लावायची. वाचक कुठं बसवायचे, त्या केंद्राच्या यादीत कांडवीचं नावसुद्धा नव्हतं. तिनं भांडून घातलं.

भोईवाड्याचा एक डोह होता, देवाचा. तिथं कुणी जाळं टाकत नसे. त्यात राहायचे ते खडस. पुस्तकात त्यांना महाशीर म्हणतात. सोनेरी खवल्यांचे, मांडीएवढे जाडजूड मासे. भाद्रपदात गौरी बोळवल्या की दुसऱ्या दिवशी सगळी भावकी डोहावर जमायची आणि पाण्यावर लाह्या टाकायची. खडस वर यायचे, शेपटीचा फटकारा मारून लाह्या घ्यायचे. त्यांनी लाह्या घेतल्या की वर्षाचं पहिलं जाळं नदीत पडायचं. त्यांनी घेतल्याशिवाय जाळं टाकायचं नाही, असा रिवाज होता, आणि तो मोडायची वेळ कधी आलीच नव्हती.

धरण झालं आणि खडस कमी होत गेले. या माशाला पुराची वर्दी लागते. पाणी चढलं की तो वर जातो आणि गोट्यांच्या उथळ, खळाळत्या पाण्यात अंडी घालतो. आता वर भिंत होती, पूर भिंतीमागं अडत होता, आणि गोट्यांवर गाळ बसला होता. सोडलेलं पाणी धरणाच्या तळातलं, गारठलेलं आणि प्राणवायू नसलेलं. भरीला डाव्या तीरावरच्या चरांमधून खतांचं आणि फवाऱ्यांचं पाणी नदीत यायचं. पाणी हिरवं झालं, जलपर्णी माजली. अशा पाण्यात बाहेरून आलेली चिलापी, काहीही सोसणारी मासळी, मात्र मजेत राहते. भोईवाडा गेली काही वर्षं चिलापीवरच तग धरून होता.

गेल्या वर्षी लाह्यांना दोनचार खडस कसेबसे वर आले. या वैशाखात वाचकाचा दिवा तांबडा झाला आणि तांबडाच राहिला. महिना भरत आला. वृषालीला झोप लागेना. मासे खोल कपारीत असतील, यंत्राच्या नळीशी त्यांची खूण पोचत नसेल, असं तिनं स्वतःला पटवलं. केंद्राच्या हौदात खडस पाळलेले होते. त्या हौदातलं कॅनभर पाणी तिनं नदीत ओतलं. एकदाच. दुसऱ्या दिवशी दिवा हिरवा झाला आणि भोईवाड्यात पेढे वाटले गेले.

पण डीएनएचा धागा उन्हात नि जिवाणूंपुढे फार टिकत नाही. आठवडाभरात तो विरून जातो. आणि एकदा महिना भरत आलेल्या पट्ट्याला नियमात पुन्हा सवलत नव्हती, दिवा सलग हिरवा लागायचा. म्हणून मग पुन्हा ओतावं लागलं. आता वृषाली दर आठवड्याला ‘यंत्राची देखभाल’ करायला यायची, आणि केंद्रात तिच्या कामसूपणाचं कौतुक व्हायचं.

*

गौरी गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डोहावर सगळा भोईवाडा लोटला. वृषालीला पहिल्या रांगेत, सोपानतात्यांच्या शेजारी उभं केलं होतं. सोपानतात्या म्हणजे भावकीतले जाणते. लाह्यांची पहिली ओंजळ त्यांची असायची. वाचकालाही कुणीतरी झेंडूची माळ घातली होती.

“सावली पडू देऊ नगा रं पान्यावर. मागं सरा,” तात्यांनी दटावलं आणि ओंजळ सोडली. “या रं लेकरांनो, या.”

लाह्या पांढऱ्याशुभ्र पसरल्या आणि संथ फिरत राहिल्या. थोड्या वेळानं पाणी चुळबुळलं. बायकांनी हात जोडले. पण वर आल्या त्या चिलाप्या. टुचटुच करून लाह्या खाऊ लागल्या. तात्यांनी काठीनं पाणी हलवून त्यांना हाकललं. चिलापीचं येणं धरत नाहीत. दुसरी ओंजळ झाली, तिसरी झाली. शेपटीचा फटकारा काही ऐकू आला नाही.

लोक एकमेकांकडे बघू लागले. हौसाकाकू पुढं आली.

“वृषे, तुजं यंत्र काय म्हनतंय गं?”

सगळ्यांच्या माना वाचकाकडे वळल्या. माळेमागून हिरवा दिवा स्वच्छ दिसत होता. तरी सगळे वृषालीच्या तोंडाकडेच बघत राहिले, कारण यंत्राशी त्यांची ओळख तिच्यामार्फत होती. आजवर तिनं जे केलं होतं ते हातानं केलं होतं. तोंडानं खोटं बोलायची ही पहिलीच वेळ होती.

“आहेत,” ती म्हणाली.

“हायती ना?” तात्या म्हणाले. “मग वर का येईनात?”

 उत्तर तात्यांनाच सुचलं, आणि एकदा सुचल्यावर सगळ्यांना ते इतकं उघड वाटलं, की कुणी दुसरा विचारच केला नाही. मासे आहेत, शास्त्र तसं सांगतंय. आहेत आणि येत नाहीत, म्हणजे रुसलेत.

*

संध्याकाळी देवळाच्या पारावर सगळे बसले. भोईवाड्यात भांडणं होत, पण पारावर आवाज चढवायचा नाही अशी पद्धत होती. तात्यांनी एवढंच विचारलं, “कुनाकडनं काय झालं आसंल तर सांगावं.”

 मग अंकुश उठला. वृषालीचा चुलतभाऊ, तिच्याहून चार वर्षांनी मोठा. आडदांड माणूस, पण उभा राहिला तो खांदे पाडून.

“माज्याकडनं झालं,” तो म्हणाला. “चैतात जाळ्याला काय लागत न्हवतं. तवा मी कंपनीत फवारनीला गेल्तो. सांजच्याला पंप धुवायला नळावर रांग. मी आलो आन् डोहाच्या वरल्या अंगाला धुतला. येकदाच धुतला. पर धुतला.”

‘एकदाच’ हा शब्द वृषालीच्या कानात बसला. पंपातल्या त्या घोटभर औषधानं नदीचं काय होणार होतं? चरांमधून रोज हजारो लिटर तेच पाणी येत होतं. हे सगळं तिला पाठ होतं, आलेखांसकट.

“तात्या, एका पंपानं काही होत नाही,” ती म्हणाली.

“मग कशानं रुसलं, बाई? तूच सांग.”

 अंकुशनं तिच्याकडे पाहिलं. बहीण आपल्याला वाचवायला बघतेय, असं त्याला वाटलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून वृषालीला पारावरून उठून पळून जावंसं वाटलं. पण ती बसून राहिली.

तात्यांनी शिवी दिली नाही की दंड लावला नाही. “रोज सकाळी लाह्या घिऊन डोहावर जायाचं. चुकलं म्हनायचं. ते घेतील तवा घेतील. तवर कुनाचंच जाळं पान्यात न्हाई. आठ दिसांनी पुन्ना समदी जमू.” बस्स, एवढंच. अंकुशनं मान हलवली. घरी जाऊन त्यानं आपलं जाळं खुंटीवरून काढलं आणि तात्यांच्या पडवीत नेऊन ठेवलं.

*

जिल्ह्याच्या गावी केंद्रात आनंदीआनंद होता. संचालक कुलथे साहेबांनी वृषालीला खोलीत बोलावून खुर्ची दिली, चहा मागवला.

“मल्लाव, कांडवीचा आलेख वरपर्यंत गेलाय. धरणाखाली महाशीर टिकून आहे, म्हणजे कायदा चालतोय. आणखी नद्यांवर वाचक बसवायला मंजुरी येतेय. तुमच्या नदीचं उदाहरण देऊन.”

“सर, एकाच नदीवरून...”

“अहो, विनय पुरे. तुम्हीच म्हणता ना, यंत्र खोटं बोलत नाही?”

तिनं चहा घेतला. साहेब भला माणूस होता, म्हणून आणखीच अवघड झालं. पकडले जाऊ अशी भीती असती तर निदान त्या भीतीत वेळ गेला असता. पण वाचकाच्या देखभालीची जबाबदारी तिची, तपासणी तिची, अहवाल तिचा. तिला पकडणार कोण? तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

ती हौदापाशी गेली. हौदातले खडस तिला ओळखायचे. सावली पडली की वर यायचे. त्यातली एक जुनी मादी, कपाळावर डाग असलेली, तर हातातून खायची. ती याच डोहातली होती. काही वर्षांपूर्वी वृषालीनं वाणाची जपणूक म्हणून थोडे मासे मागितले होते. तात्यांनी देवापुढं नारळ फोडून परवानगी दिली आणि अंकुशनं डोहात उतरून, जाळं न वापरता, झोळीनं ते धरले होते. सबंध वाटेत तो टेम्पोच्या मागं बसून पिंपातलं पाणी हातानं हलवत आला होता, त्यांना वारा लागावा म्हणून.

वृषालीनं मूठभर खाद्य टाकलं. डागवालीनं वर येऊन शेपटी मारली आणि पाणी तिच्या तोंडावर उडालं. डोहावर ज्या फटकाऱ्याची सगळा भोईवाडा वाट बघत होता, तो हाच. ती हौदाच्या कट्ट्यावर बसली आणि रडली. मग तोंड धुतलं आणि कॅन भरला, कारण दिवस भरत आले होते आणि उद्या दिवा तांबडा झाला असता.

*

त्या दिवशी ती आधी घरी गेली. हौसाकाकूनं भाकरी आणि वांग्याचं कालवण वाढलं.

“खा. मासळी न्हाई म्हनू नगंस. आता भोयाच्या घरात वांगंच,” काकू हसून म्हणाली. मग आवाज उतरवून, “वृषे, अंकुशला जरा समजावून बघ. समदा दीस डोहावर बसतुया. सूनबाई, शोभा, कंपनीत पॅकिंगला जातिया म्हून चूल पेटतीया. कुनी त्याला वंगाळ बोलत न्हाईत, पर कुनी बोलतच न्हाईत. ल्हान पोरंबी त्याच्या वाटंनं जाईनात.”

“काकू, त्याची काही चूक नाही.”

“आसं तू म्हनतीस. मासं तसं म्हनाय पायजेत ना.”

 ताट तसंच ठेवून वृषाली उठली.

अंकुश डोहाच्या काठी उकिडवा बसला होता. शेजारी लाह्यांची पिशवी. दाढी वाढलेली. तिला पाहून तो सरकला आणि तिला बसायला खडक पुसून दिला.

“आज जरा हालचाल वाटली,” तो म्हणाला. “त्या कपारीपाशी. सावली दिसल्यागत झाली. येतील बग.”

“अंकुशदादा, मासे नाहीत.”

“आं?”

“मासे नाहीत. उन्हाळ्यातच संपले. वाचकाचा दिवा मी हिरवा केलाय.” आणि मग तिनं सगळं सांगितलं. हौद, कॅन, दर आठवड्याची खेप. सांगताना ती डोहाकडे बघत होती, त्याच्याकडे नाही.

 हातातल्या लाह्या त्यानं मुठीत धरून ठेवल्या होत्या. मग एकेक करून पिशवीत परत टाकल्या.

“म्हंजी रुसलं न्हाईत,” तो म्हणाला.

“नाही. तुझ्या पंपानं काही झालं नाही. तुझा काही दोष नाही.”

तिला वाटलं होतं, त्याला बरं वाटेल. त्याचा चेहरा तर आणखीच पडला.

“रुसलं आसतं तर मनवता आलं आसतं गं,” तो म्हणाला. “मी रोज म्हनत हुतो, येक दीस राग जाईल. आता कुनाला म्हनू?”

 मग त्यानं विचारलं, “त्या हौदातलं मासं डोहातलंच ना? मी धरल्यालं?”

“तेच. आणि त्यांची पिल्लं.”

“मग नुसतं पानी का आनलंस? मासंच आनायचं हुतं.”

“इथं जगणार नाहीत,” ती म्हणाली. “या पाण्यात मरतील.”

“तुला ठावं हुतं.”

“हो.”

“यंत्राला चालतंय ते पानी मासळीला चालत न्हाई, हे तुला ठावं हुतं. आन् तू दिवा हिरवा क्येलास.” तो रागावून बोलला नाही. गणित पडताळून पाहावं तसं बोलला. “का?”

“पाणी बंद झालं असतं. मग चिलापीही गेली असती. तुम्ही सगळे कंपनीच्या दारात उभे राहिला असतात.”

“आताबी शोभा हुबीच हाय की.”

 अंकुशनं गुडघ्यांवर हात टेकून उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा बसला.

“कुनाला सांगितलंस?”

“तुलाच पहिल्यांदा.”

“मग नगं सांगू.” त्यानं धरणाच्या दिशेनं पाहिलं. “माज्यावरच राहू दे. सवय झाली. चार महिनं म्हनतील अंकुशमुळं रुसलं, मग तात्याच कायतरी वाट काढतील, जाळी पडतील. पानी आलं पायजे. तू तुजं ओतत जा.”

आणि त्या क्षणी वृषालीला हायसं वाटलं. छातीवरचा दगड कुणी उचलून घ्यावा तसं. दगड कुणी उचलला ते समोर दिसत होतं. पडलेल्या खांद्यांचा, दाढी वाढलेला, तिचा भाऊ. तरीही हायसं वाटलं, आणि याची तिला इतकी लाज वाटली, की कॅन ओतल्याचीसुद्धा कधी तेवढी वाटली नव्हती.

जाताना तिनं कॅन ओतला. अंकुश शेजारी उभा राहून राखण करत होता.

*

आठव्या दिवशी पुन्हा सगळे जमले. यावेळी बायकांनी घराघरातून लाह्या आणल्या होत्या. पहिली ओंजळ तात्यांनी अंकुशला दिली. “तुज्या हातनं जाऊ दे. चूक तुजी, मान तुजा.”

अंकुशनं ओंजळ सोडली. चिलाप्या आल्या. कुणी त्यांना हाकललंही नाही. वाचकावरची झेंडूची माळ वाळली होती आणि तिच्यामागं दिवा हिरवा होता.

“अजून रुसल्यात,” अंकुश मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “माज्यामुळं. माजंच चुकलं.”

मागून एक म्हातारी पुटपुटली, “काय पाप केलंस रं बाबा,” आणि हौसाकाकूनं पदर तोंडावर घेतला. अंकुशनं मान खाली घातली. त्यानं ती खोटी खोटी घातली नव्हती. खोट्या ओझ्यालाही मान तेवढीच वाकवावी लागते, हे वृषालीला समोर दिसलं.

“तात्या, मासे रुसलेले नाहीत,” ती म्हणाली.

“वृषे, गप,” अंकुश म्हणाला.

“मासे मेलेत. सगळे. दिवा मी फसवून हिरवा ठेवलाय. केंद्रातल्या हौदाचं पाणी आणून ओतत होते. अंकुशदादाला हे मागाहून कळलं. कळल्यावरही त्यानं दोष अंगावर घेतला, पाणी बंद होऊ नये म्हणून. आज पहाटे मी केंद्राला सगळं लिहून कळवलंय.”

 कुणीतरी थुंकेल, दगड मारेल, निदान ‘निघ इथून’ म्हणेल, याची तिनं तयारी केली होती. रात्रभर तीच तयारी केली होती.

गर्दीतून एक माणूस म्हणाला, “मेलं ते मेलं. पर कळवायचं कशाला, बाई? दिवा ऱ्हायला आसता हिरवा, तर पानी तरी आलं आसतं.”

“मेल्याल्या मानसाच्या नावावर रेशन उचलायचं व्हय रं?” तात्या त्याच्याकडे न बघता म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. काठी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. 

हौसाकाकू वृषालीजवळ आली. तिनं पदर डोळ्यांवरून काढला आणि विचारलं, “कवा गेलं?”

मयताच्या घरी जाऊन विचारतात, तसं विचारलं.

“वैशाखात, काकू.”

“वैशाखात.” काकूनं बोटांवर महिने धरले. “आन् आमी भाद्रपदात लाह्या टाकतोय. आमाला कुनी सांगितलंच न्हाई. सुतक सुदिक पाळलं न्हाई गं आमी त्यांचं.”

मरण उशिरा कळलं तर भोईवाड्यात दिवस पाळत नाहीत. कळलं की लगेच, अंगावरच्या कपड्यानिशी, एक आंघोळ करतात. पहिले सोपानतात्या पाण्यात उतरले नाहीत, पहिली काकू उतरली. लुगडं भिजत भिजत ती कमरेएवढ्या पाण्यात गेली आणि बुडी मारली. तिच्यामागं तात्या, कुणाचा तरी हात धरून. मग एकेक करत सगळे. देवाच्या डोहात आजवर कुणी असं आंघोळीला उतरलं नव्हतं. आता ज्याला पाय लागेल असं त्यात कुणी उरलं नव्हतं. अंकुश बुडी मारून वर आला आणि तोंडावरून हात फिरवला. त्याचे खांदे बऱ्याच दिवसांनी सरळ झालेले होते, पण तो कुणाकडे बघत नव्हता.

वृषाली काठावर एकटी उरली. आता निघावं, असं तिच्या मनात आलं. जीप वर उभी होती.

“तू कशाला हुबी हाईस?” काकूनं पाण्यातून हाक मारली. “भावकीतली हाईस ना? उतर.”

तिला हाकलून दिलं असतं तर तिनं ते सोसलं असतं. हे तिच्यानं सोसवेना. सँडल काढून ती उतरली. पाणी धरणाच्या तळातलं, बर्फासारखं गार होतं, आणि पायाखाली गोटे नव्हते, नुसता गाळ होता. काकूनं तिचा दंड धरला आणि तिला खाली दाबलं. लहानपणी न्हाऊ घालताना दाबायची तशीच.

ती वर आली तेव्हा धरणाचा भोंगा वाजत होता. आजचं पाणी कालच्या निकालावर ठरलेलं होतं. खडसांच्या वाटचं शेवटचं पाणी. ते वळणावरून आलं, लाह्या आणि झेंडूची वाळकी फुलं उचलून घेतली, आणि डोहात उभ्या असलेल्या माणसांच्या छातीपर्यंत चढलं. कुणी बाहेर निघालं नाही.